गाडीत बसून पाहिलेला धबधबा

सहलीच्या गाडीत पगारी माणसं दोनच. एक गाडी चालवतो, दुसरा तोंड. पहिल्याला लोक ‘मामा’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘सर’. घाटातल्या वळणावर सगळ्यांचा जीव मामांच्या हातात असतो. पण उतरल्यावर हात मिळवायचा तो सरांशी, फोटो काढायचा तो सरांबरोबर, आणि मामांच्या वाट्याला काय, तर ‘मामा, जरा बॅगांकडे लक्ष असू द्या हं.’ हे रडगाणं जगातल्या सगळ्या मामांचं आहे. आमच्या मामांच्या मात्र ते फार जिव्हारी लागायचं.

आमचे मामा म्हणजे, गुहेतलं देऊळ आणि रानातला धबधबा अशी एका दिवसाची सहल नेणाऱ्या राखाडी मिनीबसचे ड्रायव्हर. अंगानं भारदस्त. सीट पुढे घेतली तर पोट स्टिअरिंगला टेकायचं, मागे सरकवली तर पाय पुरायचे नाहीत. या दोन्हींच्या मधली एक जागा त्यांनी शोधून काढली होती आणि त्या सीटला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. गाडी मात्र अशी चालवायचे की मागच्या सीटवरच्या माणसाच्या कपातला चहा हिंदकळायचा नाही. आणि हाच माणूस इतकी वर्षं त्या डोंगराच्या पायथ्याशी लोकांना आणून सोडत होता, परत घेऊन जात होता, पण गुहेत किंवा धबधब्यापाशी त्यानं स्वतः एकदाही पाऊल टाकलेलं नव्हतं.

त्याला कारण म्हणाल तर काहीच नव्हतं. नोकरीला लागले तेव्हा मालकानं बजावलं होतं, गाडी सोडून हलायचं नाही. पुढे तो नियम कुणाच्या लक्षातही राहिला नाही. बाकीचे ड्रायव्हर दाराला कुलूप लावून खुशाल वर जाऊन यायचे. मामा वाट बघत राहिले की कुणीतरी म्हणेल, ‘मामा, चला की.’ बोलावल्याशिवाय कुणाच्या घरी चहालाही न जाणारा हा माणूस. देवानं स्वतः तर बोलवायचं नव्हतं, आणि लोकांना सुचलं नाही. मग मामा पाय वर करून, तोंडावर रुमाल टाकून गाडीतच ताणून द्यायचे. लोक परतले की उठायचे.

इथवर ठीक होतं. घोळ झाला तो घरी.

घर म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मामी कामाला होत्या लाँड्रीत, इस्त्री विभागात. हॉटेलांच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, शाळेचे गणवेश, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. दिवसभर उभं राहायचं आणि समोरून वाफ. संध्याकाळी घरी आल्या की त्यांचे पाय सुजलेले असायचे; आणि घाट उतरून आलेल्या मामांचे क्लच दाबून भरलेले. प्लास्टिकच्या एका टबात कोमट पाणी घेऊन दोघं समोरासमोर बसायची आणि दोघांचे पाय त्यात. अशाच एका संध्याकाळी, पहिल्या सहलीहून आल्यावर, मामींनी विचारलं होतं, “कसं होतं हो आत?”

मामा खरं तेच सांगणार होते. पण मामींच्या कपाळावर वाफेनं चिकटलेले केस होते आणि विचारताना त्यांनी टबातले पाय हलवायचे थांबवले होते. मामा म्हणाले, “गार.”

एवढा एकच शब्द ते खोटं बोलले. बाकीचं सगळं त्या शब्दामागून आपोआप आलं. दर सहलीनंतर मामी विचारायच्या आणि मामा सांगायचे. माल आयता मिळत होता. परतीच्या वाटेवर लोक बोलायचे आणि मामा कान टवकारून ऐकायचे. पायऱ्या कशा निसरड्या आहेत, आत शिरताना कमरेत वाकावं कसं लागतं, मूर्तीच्या मागून पाणी कसं झिरपतं, धबधब्यापाशी उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तुषारांनी कपडे न कळत कसे भिजतात. मामा पदरचा मीठमसाला लावून ते घरी पोचवायचे. मामी ऐकता ऐकता डोळे मिटून घ्यायच्या. ज्या माणसाकडे दिवसभर कुणी ढुंकून पाहत नाही, त्याचं बोलणं कुणीतरी डोळे मिटून ऐकतंय, यासारखं दुसरं सुख नाही. मामांना त्याची चटक लागली.

मग काही वर्षांनी हा नवा गाइड आला. आल्या आल्या मामांच्या डोक्यात गेला. शिडशिडीत, बोलका, सतत हसतमुख. बसमध्ये शिरल्यापासून पाच मिनिटांत याला सगळ्यांची माहिती : कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणाला गाडी लागते. म्हाताऱ्या बायका याच्या हातात आपल्या पर्सा देऊन मोकळ्या व्हायच्या. घाटात हा उभा राहून विनोद सांगायचा, मागे हशा पिकायचा आणि मामा आरशातून बघायचे की कोण कोण हसतंय. हसणाऱ्यांवर त्यांचा राग असे. मुकाट बसलेला एखादा दिसला की त्याला उतरताना ते आवर्जून हात द्यायचे.

एक गोष्ट मात्र या गाइडमुळे चांगली झाली असं मामांचं मत होतं. तो आल्यापासून लोक परतताना एका नव्या गोष्टीबद्दल बोलू लागले : झोपलेला हत्ती. “काय तो झोपलेला हत्ती!” म्हणत लोक गाडीत चढायचे, एकमेकांना कोपरानं ढोसायचे आणि मामांकडे बघून अगदी मनापासून हसायचे. मामाही हसून मान डोलवायचे. दगडात कोरलेला असणार, हे त्यांनी ताडलं. एकदा कुणी म्हणालं, “आणि घोरतो कसला!” तर मामांनी विचार करून त्याचाही उलगडा केला. पाणी आतून वाहत असणार, त्याचा आवाज.

त्या संध्याकाळी टबात पाय हलवत मामा म्हणाले, “आज हत्तीपाशी जरा जास्त वेळ थांबलो.”

“हत्ती? कुठला हत्ती? आजवर नाही बोललात.”

“अगं, आधी अंधार होता ना तिथे. आता दिवे लावलेत. एवढा थोरला, आडवा पडलेला, सोंड पोटाशी घेतलेली. मी सोंडेवरून हात फिरवला. गुळगुळीत आहे. आणि कान लावला तर घोरल्यासारखा आवाज येतो, पाण्याचा.”

“मला फार बघावासा वाटतो तो,” मामी म्हणाल्या.

“बघू कधीतरी,” मामा म्हणाले, आणि टॉवेल घेऊन पाय पुसू लागले.

हंगाम सरत आला तसं एका खेपेला गाडीत जागा मोकळ्या राहिल्या. मामा किल्ली ठेवायला ऑफिसात गेले तर मालक सहज म्हणाला, “मामा, उद्या वहिनींना आणा की. सीट रिकाम्याच जाणार आहेत.”

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. ही गोष्ट घरी सांगायचीच नाही असं ठरवून ते निघाले, पण मालकाच्या बायकोनं तोवर मामींना फोन केला होता. मामा जिना चढून वर आले तेव्हा मामी ठेवणीतले कपडे स्वतःच इस्त्री करत होत्या. दिवसभर जगाच्या कपड्यांना इस्त्री करून आलेली बाई स्वतःच्या कपड्यांना पुन्हा इस्त्री करतेय, आणि तोंडानं गुणगुणतेय.

“रजा टाकली,” मामी म्हणाल्या.

“वर फार चढ आहे. जळवा आहेत. तुझे पाय...”

“तुम्ही आहात ना. हात धराल.”

मामांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी गाडी सुटायच्या आधीच मामांच्या अंगाचा तिळपापड व्हायला सुरुवात झाली. गाइडनं मामींना दारातच गाठलं. “या ताई, या! तुम्हाला पुढची सीट. तिथून सगळं दिसतं.”

ताई! आता हिशेब करा. हा माणूस मामांना मामा म्हणतो. म्हणजे त्यांची बायको याची मामी. मामाची बायको ताई कशी होईल? ती ताई, तर मग मामा याचे दाजी. मग इतके दिवस मामा, मामा कशाला करत होता? आणि बाकीचे लोक तर तिला सरळ मामी म्हणत होते, मग यालाच काय धाड भरली होती? पहिले दोन सिग्नल जाईपर्यंत मामा हे नातं सोडवत होते. तिसऱ्याला त्यांनी असा ब्रेक मारला की मागे कुणाचा तरी डबा घरंगळला. मामांच्या हातून असं कधी होत नसे.

“सावकाश हो,” मामी मागून म्हणाल्या. मग थोडं पुढे वाकून हळूच म्हणाल्या, “त्या गाइडचा शर्ट बघितलात? कॉलरला आधी मागच्या बाजूनं इस्त्री केलीय. म्हणून टोकं अशी बसलीत. स्वतः करतो म्हणे.”

“तू विचारलंस?”

“मग काय झालं? आमच्याकडच्या नव्या मुलींना शिकवून शिकवून दमले, तरी जमत नाही.”

मामांनी आरशात स्वतःची कॉलर पाहिली. टोकं अगदी तशीच बसली होती. लग्न झाल्यापासून रोज तशीच बसत आली होती, फक्त कॉलरलाही मागची बाजू असते हे मामांना आज कळत होतं, आणि तेही त्या लुकड्यामुळे. घाट लागला. गाइडनं माइक घेतला, विनोद सुरू केले. मामांनी आरशात बघायचं नाही असं ठरवलं आणि पहिल्याच वळणावर बघितलं. मामी हसत होत्या. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत. हे हसणं मामांच्या ओळखीचं होतं, पण ते घरच्या टबापाशी बसून हसण्याचं होतं, असं बसमध्ये सगळ्यांसमोर नव्हे. विनोदही जुना होता. मामांना तो पाठ होता. शेवटचं वाक्य तर ते स्वतः याच्यापेक्षा बरं म्हणू शकले असते. पण ड्रायव्हरनं विनोद सांगायचे नसतात, रस्ता बघायचा असतो.

पायथ्याशी गाडी लागली. लोक उतरले, पाण्याच्या बाटल्या भरू लागले. मामी छत्री हातात घेऊन ड्रायव्हरच्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“चला ना.”

“गाडी सोडून कसा येऊ?”

“एरवी कशी सोडता?”

मामा पुरते अडकले. “एरवी... एरवी इथे एक माणूस असतो राखणीला. आज दिसत नाही कुठे.” आणि खरंच कुणी दिसेना झाल्यासारखं ते इकडेतिकडे बघू लागले.

गाइड दोन पावलांवर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. असा कुठला माणूस इथे कधी नव्हता आणि मामा कधी वर आलेले नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं तोंड उघडलं, मामांकडे बघितलं आणि मिटून घेतलं. मग नुसता म्हणाला, “चला ताई, मी आहे ना.”

दुसरा कुणी असता तर मनातल्या मनात त्याचे आभार मानले असते. मामांना ते उपकार जास्तच झोंबले. त्यानं तोंड उघडून पितळ उघडं पाडलं असतं तरी चाललं असतं, त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

मामींचा चेहरा जरासा उतरला. “बरं,” त्या म्हणाल्या, “तुम्ही काय, नेहमीच बघता.” आणि गेल्या. काचेतून मामा बघत राहिले. पहिल्या काही पायऱ्या कोरड्या होत्या. मग झाडी सुरू होते तिथे शेवाळ होतं, मामी थबकल्या, गाइडनं हात पुढे केला आणि मामींनी तो धरला. अगदी सहज, भाजीवाल्याकडून पिशवी घ्यावी तसा. मग झाडीच्या आड सगळे दिसेनासे झाले.

मामा सवयीनं आडवे झाले, पाय डॅशबोर्डवर टाकले, रुमाल तोंडावर घेतला. झोप कसली येतेय! रुमालाखाली तो हातच दिसत होता. उठले, काच पुसली. पुसलेली काच पुन्हा पुसली. टायरना लाथा मारून हवा बघितली. चहा घेतला, अर्धा टाकून दिला. आता ती वाकून आत शिरत असेल, आता तो सांगत असेल की ताई, डोकं सांभाळा. आता हत्तीपाशी पोचले असतील आणि ती सोंडेवरून हात फिरवत असेल. तिला आठवेल का, आपण सांगितलं होतं गुळगुळीत आहे म्हणून? की तो लुकडा मध्येच आणखी काही अक्कल पाजळेल आणि आपलं सांगणं फिकं पडेल? इतकी वर्षं ती गुहा मामांची होती. त्यांनी बोलून बोलून घडवली होती ती. आज एक परका माणूस त्यांच्याच गुहेत त्यांच्याच बायकोला हाताला धरून फिरवत होता.

एकदा तर मामा पहिल्या पायरीपाशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर पत्ते पिसता पिसता म्हणाला, “काय मामा, चाललात की काय?”

“छे,” मामा म्हणाले, “पाय मोकळे करतोय.” आणि परत आले.

गाडीपाशी येऊन सहज वर बघितलं तर डोंगराच्या अंगावर, झाडांच्या वर, एक कठडा आणि त्यावर माणसं. धबधब्यापासून वळून येणारी वाट तिथून जात असावी. तिथून खाली पार्किंग दिसतं हे मामांना आजवर माहीतच नव्हतं, कारण या वेळेला ते गाढ झोपलेले असायचे. कपाळावर हात धरून ते बघू लागले. छत्रीमुळे मामी ओळखू आल्या. शेजारी गाइड. लोकांतला कुणीतरी हात लांब करून खाली दाखवत होता, थेट मामांकडे, आणि सगळी माणसं हसत होती. मग मामी गाइडकडे वळून काहीतरी बोलल्या आणि हसणं थांबलं. दोघंच बोलत राहिली. बराच वेळ. मामांनी हात वर केला, हलवला, पुन्हा हलवला. मामी बघत होत्या, यात शंका नाही. पण त्यांनी हात केला नाही.

मामांना संताप चढला. काय बोलत होता तो इतका वेळ? नवरा खालून हात करतोय आणि बाई बघत नुसती उभी! आज याला जाब विचारायचाच असं ठरवून ते बाह्या वर करून थांबले.

लोक उतरले. आज कुणी मामांकडे बघून हसलं नाही. सगळे खाली बघत गाडीत चढले. मामी नळावर पाय धुवायला गेल्या. तेवढ्यात गाइड एकटाच ड्रायव्हरच्या दारापाशी आला. मामा काही बोलणार इतक्यात तोच म्हणाला, “मामा, माफ करा. माझं चुकलं.”

“काय चुकलं?” मामा गुरकावले.

“ताईंनी गुहेत शिरल्या शिरल्या विचारलं, झोपलेला हत्ती कुठाय? मी टाळलं, पुढे आहे म्हटलं. मग धबधब्यापाशी विचारलं. मग वर कठड्यावर आलो तर...” तो ओशाळून कॉलरशी चाळा करू लागला. “मामा, तो दगडाचा नाहीये. मी आपला गंमत म्हणून लोकांना तिथून खाली दाखवायचो. गाडीत तुम्ही असे पाय वर करून... मी म्हणायचो, बघा, आमचा झोपलेला हत्ती, हळू बोला, उठवू नका, परत जायचंय आपल्याला. वाईट मनात नव्हतं हो. आज मी बोलणारच नव्हतो. पण आपल्यातले एक काका आधी येऊन गेलेले, ते ओरडले, ‘अरे, आज हत्ती जागा आहे, उभा आहे!’ ताईंनी खाली बघितलं तर तुम्ही.”

इतक्या दिवसांची ती माणसं, कोपरानं ढोसत चढणारी, त्यांच्याकडे बघून मनापासून हसणारी, सगळी एकदम समोर आली. आणि आपण हसून मान डोलवत होतो! लोकांनी मामाला मामा बनवलं ते एक वेळ असू दे. आपण तर तोच हत्ती घरी नेऊन बायकोपुढे मांडला, त्याच्या सोंडेवरून हात फिरवला.

“मग ती काय म्हणाली?”

“म्हणाल्या, मग आत दगडाचा हत्ती नाहीच? मी म्हटलं, नाही. म्हणाल्या, हे कधी आत आलेत का? मी...” गाइड थांबला. “मला खोटं नाही बोलता आलं, मामा. नंतर त्या लोकांना म्हणाल्या, हे माझे मिस्टर आहेत, तुम्हाला रोज सुखरूप घरी पोचवतात. एवढंच. मग कुणी हसलं नाही.”

जाब विचारायचा राहिलाच. मामांनी बाह्या खाली केल्या. हत्ती म्हटल्याचं त्यांना फारसं लागलं नव्हतं, पोट तर होतंच. बिंग फुटलं त्याचीही लाज मागून आली. सगळ्यात आधी जे लागलं ते वेगळंच होतं. आपला नवरा इतकी वर्षं थापा मारत होता हे जेव्हा तिला कळलं, तेव्हाचा तिचा चेहरा या माणसानं पाहिला होता, आपण नाही. नवरा म्हणून जो चेहरा आपल्या वाट्याचा होता, तोही यालाच मिळाला. मामा जळून गेले.

परतीचा घाट त्यांनी एकही हिसका न देता उतरवला. आरशात मामी खिडकीबाहेर बघत होत्या. केस ओले होते आणि बाहीला शेवाळ लागलं होतं. गाइडनं माइक हातात घेतला नाही.

लोकांना त्यांच्या त्यांच्या ठिकाणी सोडून मामांनी गाडी धुवायला डेपोच्या आवारात लावली. गाइड निरोप घेऊन गेला. जाताना ‘येतो मामी’ म्हणाला, पण आता मामांना त्याचंही काही वाटलं नाही. अजून उजेड होता. मामांनी पाइप जोडला आणि चाकांवर पाणी मारू लागले. मामींनी न सांगता जुने पेपर घेतले आणि काचा पुसायला लागल्या. दोघांच्या मध्ये गाडी होती.

“मी कधी आत गेलो नव्हतो,” मामा पलीकडून म्हणाले.

“कळलं.”

“कुणी बोलावलंच नाही गं. इतकी माणसं नेली, पण ‘मामा, चला’ असं एकानंही... मग आपण होऊन कसं जायचं? बाहेर बसून राहायचं, आणि आतून येणाऱ्यांची तोंडं बघायची. तुला नाही कळायचं ते.”

काचेवरचा पेपर थांबला. मामी गाडीला वळसा घालून या बाजूला आल्या.

“मला नाही कळायचं?”

मामा पाइप धरून उभे राहिले.

“तुम्ही खोटं बोललात त्याचा मला राग नाही. हत्ती काय, घोडा सांगितला असतात तरी ऐकला असता. बरं वाटायचं. समोरून वाफ आली की मी डोळे मिटायचे आणि तुमच्या त्या तुषारांची आठवण काढायचे. पण दर वेळी मी म्हणायचे, मला बघावंसं वाटतं. दर वेळी. आणि तुम्ही म्हणायचात, बघू. मला वाटायचं, कधीतरी म्हणाल, चल. आज गेले ती कुणी बोलावलं म्हणून? तुमच्या मालकानं. वर कुणी हात दिला? त्या पोरानं.” मामींचा आवाज चढला नव्हता, तरी मामांना तो चढल्यासारखा ऐकू येत होता. “तुम्हाला कुणी चला म्हणालं नाही ते परक्यांनी. मला कुणी म्हणालं नाही?”

मामा खाली बघू लागले. पाइपातलं पाणी त्यांच्याच बुटांवर पडत होतं. दिवसभर त्यांनी त्या गाइडचा हेवा केला होता, त्याच्या हाताचा, कॉलरचा, विनोदांचा. आणि त्या सगळ्यात आपण बायकोला एकदाही चल म्हटलेलं नाही, ही साधी गोष्ट त्यांच्या मनाला शिवलीदेखील नव्हती. आत न्यायचं तर खोटं उघडं पडलं असतं म्हणून नव्हे. पहिल्या वर्षी खोटं होतं केवढं? एका शब्दाचं. तेव्हाही म्हटलं नव्हतं.

मामी पुन्हा काचेकडे वळल्या. त्यांच्या ओल्या केसांना अजून रानाचा वास येत होता. मामांनी तो कधी घेतलेला नव्हता. तो वास कसा असतो हे लोकांच्या बोलण्यात कधी आलं नव्हतं.

“कसा होता गं?” मामांनी हळूच विचारलं.

“काय?”

“धबधबा.”

मामी वळल्या. त्यांचे डोळे क्षणभर कुठेतरी लांब गेले, ओठ उघडले, आणि मामा टबापाशी बसल्यासारखे, सगळं सोडून, ऐकायला तयार झाले.

“नाही सांगणार,” मामी म्हणाल्या. “माझा आहे तो.”

आणि त्यांनी ओले पेपर चुरगाळून डब्यात टाकले, पर्स उचलली आणि फाटकाकडे चालू लागल्या. मामांनी धावत जाऊन नळ बंद केला.